लिनक्समधील राखीव प्रती व स्मृतिक्षय

संगणकाच्या तबकडीवरील सर्व फाईलींची राखीव प्रत म्हणजेच बॅकअप घेत असताना कार्यकारी स्मृती संपून ते काम अर्धवट राहणे, यास स्मृतिक्षय म्हणता येईल. प्रत घेणारे कार्यक्रम फाईलीतील मजकूर थोडाथोडा वाचून लिहितात. त्यामुळे एखादी प्रचंड फाईल सहसा अडचणीची ठरत नाही. स्मृती व्यापली जाते ती नाव, आकारमान, तारीख, मालकी इ. नोंदींनी. म्हणून फाईलींची संख्या हेच बहुधा या दोषाचे मूळ असते.

हा प्रश्न लिनक्सपेक्षा जुना आहे. बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) चुंबकीय फितीवर फाईली साठविणारा ‘टार’ हा कार्यक्रम होता. ही आवृत्ती ज्या पीडीपी-११ संगणकांवर चाले, त्यांचे पत्ते १६ बिटांचे म्हणजे ६४ किलोबाइटांपुरते मर्यादित होते. टार एकेक फाईल ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांत लिहीत असे. मात्र एकाच फाईलीला अनेक नावे असल्यास तिची नोंद त्याला स्मृतीत ठेवावी लागे. स्मृती संपल्यास तो तशी सूचना देई व काम पुढे चालू ठेवी. केवळ नावांचा परस्परसंबंध नष्ट होई.

अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये ‘आरसिंक’ हा कार्यक्रम प्रसृत केला. तो मूळ व प्रत यांतील केवळ फरक पाठवितो. आरंभीच्या आवृत्त्या काम सुरू करण्यापूर्वी सर्व फाईलींची यादी स्मृतीत तयार करीत. प्रत्येक फाईलीस सुमारे १०० बाइट लागत असल्याने ८ लाख फाईलींसाठी सुमारे ८० मेगॅबाइट स्मृती खर्ची पडे. २००८ मधील ३·०·० या आवृत्तीपासून ही यादी टप्प्याटप्प्याने तयार होऊ लागली. तथापि प्रत पूर्ण झाल्यानंतर अनावश्यक फाईली पुसण्यासारखे काही पर्याय निवडल्यास आजही संपूर्ण यादी आधी तयार करावी लागते.

लिनक्सचा गाभा कार्यक्रमांना प्रत्यक्ष उपलब्ध असलेल्या स्मृतीहून अधिक स्मृती मंजूर करू शकतो. तुटवडा पडल्यास तो एखादा कार्यक्रम निवडून बळाने बंद करतो. बंद होणाऱ्या कार्यक्रमास सूचना देण्याचीही संधी मिळत नाही. नोंद राहते ती गाभ्याच्या नोंदवहीत. पूर्वीच्या ३२ बिटी संगणकांत आणखी एक अडचण होती. गाभ्याच्या स्वतःच्या नोंदी सामान्य रचनेत पहिल्या सुमारे ८९६ मेगॅबाइटांतच ठेवाव्या लागत. लक्षावधी फाईली वाचताना हा भाग भरून जाई व उर्वरित स्मृती मोकळी असूनही कार्यक्रम बंद पडत. ६४ बिटी संगणकांत ही मर्यादा राहिली नाही.

निदान करताना प्रथम गाभ्याची नोंदवही पाहतात आणि स्मृती प्रत घेणाऱ्या कार्यक्रमाने व्यापली की गाभ्याच्या नोंदींनी, हे ठरवितात. वाचलेल्या मजकुराच्या तात्पुरत्या साठ्यामुळे मोकळी स्मृती कमी दिसते. परंतु हा साठा परत मिळविता येत असल्याने तो सामान्यतः दोष नव्हे. हा भेद कळावा म्हणून २०१४ मध्ये ३·१४ या आवृत्तीत ‘उपलब्ध स्मृती’ हा स्वतंत्र आकडा दाखविला जाऊ लागला. कामाची निर्देशिकावार विभागणी हा रूढ उपाय होय.

या दोषाचे गांभीर्य असे की, फाईली वाढल्या की तो उद्‌भवतो आणि अपुरी प्रत पूर्ण समजली जाण्याचा धोका राहतो. म्हणून कार्यक्रमाची समाप्ति-नोंद तपासणे व प्रतीतून काही फाईली परत मिळवून पाहणे, हे प्रत घेण्याइतकेच आवश्यक मानले जाते.