बारा गाण्यांची फारकत

एखाद्या गायकाची किंवा वाद्यवृंदाची पूर्वी सुटी सुटी विकली गेलेली आणि लोकांच्या तोंडी बसलेली गाणी एकत्र करून तीच पुन्हा एका तबकडीवर विकायची ही चाल पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणाच्या व्यापारात इतकी रुळलेली आहे की तिला कधी काळी आरंभ झाला असेल हे सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही. वस्तुतः ती फार प्राचीन नाही. 1948 साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने सावकाश फिरणारी मोठी तबकडी बाजारात आणली, पुढल्याच वर्षी आरसीए या प्रतिस्पर्धी कंपनीने मिनिटाला 45 फेरे घेणारी लहान तबकडी काढली, आणि या दोघींच्या स्पर्धेतून अखेर असा अलिखित तह झाला की लहान तबकडीने एक गाणे विकावे आणि मोठीने दहा-बारा गाण्यांची सलग कृती विकावी. लहान तबकडीवर गाजलेली गाणी मोठीवर गोळा केल्यास तोच माल दुसऱ्यांदा खपतो, हा शोध मग लागायचाच होता. 1958 मध्ये कोलंबियाने जॉनी मॅथिस या गायकाच्या गाजलेल्या गाण्यांची तबकडी काढली. गायक परदेशच्या दौऱ्यावर निघालेला, नव्या गाण्यांना त्याला सवड नाही, सबब जुनीच बांधून द्यावी, अशी ती तजवीज होती असे सांगतात. ती तबकडी अमेरिकेच्या खपाच्या यादीत सगळी मिळून नऊ वर्षांहून अधिक काळ राहिली. पुढे 1976 साली दहा लक्ष प्रतींच्या विक्रीसाठी 'प्लॅटिनम' हा नवा किताब निघाला, तेव्हा त्याचा पहिला मान ईगल्स या वाद्यवृंदाच्या अशाच संकलनाला मिळाला.

या संकलनांविषयी रसिकांच्या मनात थोडी अढी असते आणि ती अस्थानी नाही. आपल्याकडे एखाद्या कवीच्या निवडक कवितांचे पुस्तक निघते तेव्हा संपादक प्रस्तावना लिहून आपल्या निवडीचे दायित्व पत्करतो. तबकडीच्या संकलनाला मात्र बहुधा संपादकच नसतो, खपाचे आकडे हाच संपादक, आणि जे अधिक विकले गेले ते अधिक चांगले हे गृहीतक हीच त्याची प्रस्तावना. कंपनीशी केलेल्या करारनाम्याची मुदत भरत आली, गायकांचे आपसांत बिनसले, किंवा नाताळचा बाजार तोंडावर आला, की असे संकलन निघते. म्हणूनच इतिहासाचे साधन म्हणून ते सहसा निरुपयोगी असते. परंतु द पोलिस या लंडनमधल्या त्रयीचे नोव्हेंबर 1986 मध्ये प्रसिद्ध झालेले 'एव्हरी ब्रेथ यू टेक: द सिंगल्स' हे संकलन मला या नियमाचा अपवाद वाटते, ते काढणाऱ्यांचा तसा मुळीच उद्देश नव्हता, तरीही एक मंडळी कशी मोडली याचा अस्सल दाखला त्यात रुजू झाला आहे.

ही मंडळी 1977 च्या आरंभी लंडनमध्ये उभी राहिली. पंक संगीताचे ते भरतीचे दिवस होते. वाद्य वाजवता न येणे हीच जणू पात्रता ठरत होती, आणि या तिघांची अडचण अशी की तिघांनाही उत्तम वाजवता येत होते. ड्रमवादक स्टुअर्ट कोपलँड हा अमेरिकन, त्याचे बालपण बेरूतमध्ये गेलेले; वडील अमेरिकेच्या गुप्तचर खात्यातले अधिकारी. गायक आणि बेसवादक गॉर्डन समनर, ज्याला जग स्टिंग या नावाने ओळखते, हा न्यूकॅसलजवळच्या वॉल्सेंड या जहाजबांधणीच्या गावचा, काही काळ शाळामास्तर आणि सायंकाळी जॅझ वाजवणारा. गिटारवादक अँडी समर्स या दोघांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी मोठा, साठीच्या दशकातल्या नाना वाद्यवृंदांचे पाणी प्यालेला. पंकची गर्दी ओसरू लागताच जी अधिक कसबी, अधिक चोखंदळ मंडळी 'न्यू वेव्ह' या नावाखाली पुढे आली, तिच्यात हे तिघे अग्रभागी होते. पण त्या नावाखाली दडलेला त्यांचा खरा गुण म्हणजे त्यांनी लंडनमधल्या जमैकन वस्तीतून उचललेला रेगेचा ठेका. रेगेत गिटारचा आघात मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मधल्या पोकळीत पडतो, आणि ही पोकळी राखण्याची कला या तिघांना अशी साधली की त्यांच्या गाण्यात वाद्ये जितकी ऐकू येतात तितकीच त्यांच्यामधली रिकामी जागाही ऐकू येते. तिघांच्या मंडळीत कोणाला लपता येत नाही. एकाने हात आखडला की भगदाड दिसते. हे भगदाडच त्यांनी अलंकार करून मिरवले.

त्यांचा कारभार विलक्षण काटकसरीचा होता. स्टुअर्टचा वडील बंधू माइल्स हा त्यांचा मुखत्यार. त्याने ए अँड एम या कंपनीकडून आगाऊ रक्कम घेण्याचे नाकारले आणि त्याबदली विक्रीतला हिस्सा वाढवून घेतला. पहिली मोठी तबकडी सरे परगण्यातल्या लेदरहेड गावी, मूळचा डॉक्टर असलेल्या नायजेल ग्रे याच्या छोट्या ध्वनिमुद्रणगृहात, सुमारे दीड हजार पौंडांत तयार झाली. 1978 च्या ऑक्टोबरात स्वस्त विमानाचे तिकीट काढून, वाद्ये हाती घेऊन हे तिघे अमेरिकेत उतरले आणि गाडीतून गावोगाव फिरले. 'रॉक्झॅन' हे त्यांचे गाणे इंग्लंडात प्रथम पडले होते. ते पुन्हा काढल्यावर चालले.

मार्च 1980 मध्ये तर त्यांनी त्या काळच्या कोणत्याही यशस्वी वाद्यवृंदाला वेडेपणा वाटावा असा बेत केला. जपान आणि हाँगकाँगनंतर सरळ घरी न जाता ते मुंबई, कैरो, अथेन्स अशा मार्गाने निघाले. त्या सुमारास भारतात परदेशी तबकड्यांची आयात जवळजवळ बंद होती. ज्याच्या गाण्यांना येथे बाजार नाही त्याने येथे येऊन गावे यात व्यापारी शहाणपण शून्य होते. मुंबईचे निमंत्रणही कोणा व्यापारी ठेकेदाराचे नव्हते, तर टाइम अँड टॅलेंट्स क्लब या धर्मादाय कार्य करणाऱ्या महिलांच्या संस्थेचे होते. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफली भरवण्याची सवय असलेल्या त्या प्रतिष्ठित स्त्रियांनी केस पिवळे केलेल्या तीन तरुणांचा हा कार्यक्रम भरवला, आणि मुंबईच्या तरुण श्रोत्यांनी तो उठून नाचत ऐकला. ऐन भरातला पाश्चात्त्य रॉक वाद्यवृंद मुंबईत येण्याचा तो काळ नव्हता, म्हणून त्या संध्याकाळीचे महत्त्व मुंबईकर श्रोत्यांच्या पिढीला दीर्घकाळ वाटत राहिले. मौज अशी की खपाच्या आकड्यांवरून बांधलेल्या संकलनात अशा संध्याकाळीला जागा असूच शकत नाही.

त्याच वर्षी, हॉलंडमधल्या हिल्व्हरसम येथे अवघ्या चार आठवड्यांत, पुढल्या दौऱ्याला निघण्याच्या दिवशी पहाटेपर्यंत काम करून त्यांनी तिसरी तबकडी संपवली. तिच्यातले 'डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी' हे शिक्षक आणि त्याच्यावर अनुरक्त झालेली विद्यार्थिनी यांच्याविषयीचे गाणे त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेली लहान तबकडी ठरले. यशाबरोबर वैमनस्यही वाढीस लागले. 1983 च्या 'सिंक्रोनिसिटी'च्या वेळी कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्सेरात बेटावर, निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या ध्वनिमुद्रणगृहात, तिघे तीन वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाजवत होते. ड्रम्स तर भोजनगृहात मांडलेले होते. याला ध्वनिशास्त्रीय कारणे होती हे खरे, पण दुसरीही होती. 'एव्हरी ब्रेथ यू टेक' या त्यातल्या गाण्याने अमेरिकेच्या यादीत आठ आठवडे पहिले स्थान राखले. मार्च 1984 मध्ये मेलबर्न येथे दौरा संपला आणि कोणतीही घोषणा न होता मंडळी थांबली. पुढल्या वर्षी स्टिंगने अमेरिकेतले तरुण जॅझवादक घेऊन स्वतःची तबकडी काढली.

1986 च्या जूनमध्ये अॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या अमेरिकेतल्या दौऱ्याच्या शेवटच्या तीन कार्यक्रमांसाठी तिघे एकत्र आले. न्यू जर्सीतल्या अखेरच्या कार्यक्रमात 'इन्व्हिजिबल सन' हे गाणे चालू असताना यू टू या आयरिश वाद्यवृंदाचे लोक मंचावर आले आणि द पोलिसच्या तिघांनी आपली वाद्ये त्यांच्या हाती दिली. रॉकच्या इतिहासात गादीचे इतके उघड हस्तांतर क्वचितच झाले असेल. तेथेच विषय संपता तर ते शोभून दिसले असते; परंतु जुलैमध्ये तिघे पुन्हा ध्वनिमुद्रणगृहात बसले. जुनी गाणी नव्याने मुद्रित करून संकलन काढायचे, त्यातून कदाचित नवी तबकडीही निघेल, असा बेत होता. काम सुरू होण्याच्या सुमारास कोपलँड घोड्यावरून पडला आणि त्याचे गळ्याचे हाड मोडले. तिघे मिळून वाजवायला बसले की काही सुचते, ही या मंडळीची जुनी रीत. ती वाटच बंद झाली. ड्रम्स यंत्रावर बसवायचे ठरले, तर यंत्र कोणते यावर तंटा: स्टिंगला सिंक्लेव्हियर हवे, कोपलँडला फेअरलाइट. दिवसचे दिवस या वादात गेले. नव्या गाण्यांचे नाव कोणी काढले नाही. अखेर 'डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी' हे एकच गाणे नव्या वेषात बाहेर पडले. दुसरे एक मुद्रित झाले होते, ते दफ्तरात ठेवले गेले.

हे नवे मुद्रण म्हणजे त्या संकलनातला माझ्या मते सर्वांत बोलका भाग. मूळ गाण्यात आरंभी एक खोल, धूसर नाद, मग दबक्या आवाजात कडवी, आणि ध्रुपदाला एकदम उसळणारा रेगेचा ठेका अशी रचना आहे. गुरुजींची धास्ती त्या दबण्या-उसळण्यातूनच कळते. 1986 च्या मुद्रणात लय मंद झाली आहे, ठेका गेला आहे, यंत्राचा आघात एकसारखा पडतो आहे, आणि ज्या पोकळीवर या तिघांची कीर्ती उभी होती ती सिंथेसायझरच्या जाड थराने भरून काढली आहे. वाईट म्हणावे असे ते नाही. नीटनेटके आहे, त्या वर्षीच्या अभिरुचीला धरून आहे. पण त्यात तिघे नाहीत. संकलनातली पहिली चार गाणी ऐकून श्रोता पाचव्यापाशी येतो तेव्हा, कोणी काही न सांगताही, घर रिकामे झाल्याचे त्याला कळते. आणि मूळ गाणे, जे 1980 साली इतके खपले, ते या संकलनातून वगळलेलेच होते. म्हणजे आकड्यांच्या संपादकाचा नियमही येथे पाळला गेला नाही.

दुसरा दाखला अधिक मूक आहे. संकलनातल्या बाराही गाण्यांचा कर्ता एकच, स्टिंग. केवळ या तबकडीवरून ज्याची द पोलिसशी ओळख होईल त्याला ती एका कवीची आणि त्याच्या दोन साथीदारांची मंडळी वाटेल. वास्तवात त्यांच्या मोठ्या तबकड्यांवर इतर दोघांच्याही रचना आहेत, आणि त्या निव्वळ भरतीच्या नाहीत. समर्सची 'बिहाइंड माय कॅमल' ही शब्दरहित रचना स्टिंगला इतकी नावडती होती की तिच्यात वाजवण्यास त्याने नकार दिला, एवढेच नव्हे तर तिची फीत म्हणे बागेत पुरून टाकली. त्याच रचनेला पुढे वाद्यसंगीताचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. सुट्या तबकडीच्या बाजाराला शब्द लागतात, गळा लागतो, म्हणून तिथे स्टिंगची गाणी गेली, हे क्रमप्राप्तच होते, परंतु त्यामुळे गाण्याचा मालक एक आणि मजूर दोन अशी जी कागदोपत्री वाटणी झाली तीवर या संकलनाने शिक्कामोर्तब केले. 'एव्हरी ब्रेथ यू टेक'मधली जी गिटारची ओळ सारे जग गुणगुणते ती समर्सने बसवलेली, पण रचनेच्या हक्कात त्याचे नाव नाही. या हक्कांच्या उत्पन्नावरून समर्स आणि कोपलँड यांनी स्टिंगवर लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावल्याचे 2025 साली जाहीर झाले, तेव्हा समर्सचे वय ऐंशीच्या पुढे गेलेले होते.

संकलन ब्रिटनमध्ये पहिल्या स्थानी गेले, अमेरिकेत सातव्या. नवे केलेले गाणे मात्र सुटे विकले असता दोन्हीकडे पहिल्या वीसांतही पोचले नाही. मंडळी फुटल्याचे औपचारिक पत्रक निघालेच नाही; तबकडी हीच फारकत ठरली. 2007 आणि 2008 मधला पुनर्मीलनाचा दौरा मोठ्या थाटाचा झाला, तरी त्यातूनही नवे गाणे निपजले नाही. दरम्यान कंपनीने आपली चूक गुपचूप दुरुस्त केली: 1992 च्या सोळा गाण्यांच्या संकलनात 1980 चे मूळ मुद्रण परत आले, आणि 1995 च्या आवृत्तीत दोन्ही मुद्रणे ठेवण्यात आली. ज्याला फक्त गाणी ऐकायची आहेत त्याने 1992 ची तबकडी घ्यावी. ज्याला ही मंडळी का मोडली ते जाणून घ्यायचे आहे त्याने 1995 ची घ्यावी, आणि इतर सर्व सोडून ती दोन मुद्रणे, आधी मूळचे व मग 1986 चे, लागोपाठ ऐकावीत.