पाडता येणारी उतरंड

गेल्या दिवाळीत भाचीसाठी ऑनलाइन एक खेळणं मागवलं. मधे एक खांब, त्यात ओवायच्या सात रंगीत चकत्या. सगळ्यात मोठी खाली, सगळ्यात लहान वर. नांदुऱ्याला घरी खोकं उघडलं, तर आजी चष्मा सारखा करत म्हणाली, “हे तं उतरंड हाये. याचे पैसे देल्ले काय बाप्पा तुनं?”

आम्ही सगळे हसलो. ताई मात्र हसली नाही. तिची मुलगी पंधरा महिन्यांची. या वयात मुलांनी चकत्या नीट ओवायला हव्यात, असं तिनं फोनवर कुठंतरी वाचलं होतं. आणि हिचं काम एकच, चकत्या काढायच्या आणि फेकायच्या. “हिला काही प्रॉब्लेम तर नसेल ना?” असं ताईनं मला दोनदा विचारलं. मी सॉफ्टवेअरवाला, मला काय कळणार? पण त्या रात्री मी वाचत बसलो.

सुरुवात आजीच्या शब्दापासून केली. उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी. खाली मोठा रांजण, वर त्याहून लहान, सगळ्यात वर चिमुकलं गाडगं. आजीच्या माहेरी अशा तीन उतरंडी होत्या. डाळी, तिखट, बियाणं सगळं त्यातच. तळाच्या मडक्यातलं काही हवं असेल तर वरची सगळी आधी उतरवायची. आम्ही कॉलेजात ज्याला स्टॅक म्हणून शिकलो, तो हाच. आणि एक नियम पक्का, लेकरांनी उतरंडीजवळ फिरकायचं नाही.

माझ्या पिढीला मात्र हा शब्द स्वयंपाकघरातून मिळालेला नाही. तो भाषणांतून आणि लेखांतून मिळाला, ‘जातींची उतरंड’ म्हणून. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती. मजल्यावर मजले आहेत, पण जिना नाही. ज्या मजल्यावर जन्म झाला, तिथेच मरण.

शेगावला इंजिनिअरिंग करताना मी रोज रेल्वेनं अपडाऊन करायचो. तिथे रिकर्शन शिकताना जो प्रोग्रॅम सगळ्यांना लिहावा लागतो, तो मीही लिहिला, टॉवर ऑफ हॅनोई. तीन खांब आणि चढत्या आकाराच्या चकत्या. सगळा मनोरा एका खांबावरून दुसऱ्यावर न्यायचा, एका वेळी एकच चकती हलवायची, आणि मोठी चकती लहानीवर कधीच ठेवायची नाही. हे कोडं फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८८३ साली बाजारात आणलं. सोबत एक रचलेली गोष्ट आली. काशीच्या एका देवळात पुजारी सोन्याच्या ६४ चकत्या हलवत बसले आहेत, आणि काम संपेल तेव्हा जग संपेल. त्यासाठी किमान १८,४४,६७,४४,०७,३७,०९,५५,१६,१५ खेळ्या लागतात. सेकंदाला एक धरली तरी ५८० अब्ज वर्षांहून जास्त. कॉलेजात हा आकडा बघून थक्क झालो होतो. या वेळी दुसरंच जाणवलं. एवढ्या खेळ्यांनंतरही क्रम तसाच राहतो. मोठी चकती खाली, लहान वर.

मग लहान मुलांच्या हातात उतरंड कधी आली? मुलं दगडावर दगड ठेवत आली आहेत, लगोरी त्याचीच. पण ‘हे शिकण्याचं साधन आहे’ असं मानून ठोकळे बनवणाऱ्यांत जर्मनीचे फ्रेडरिक फ्रोबेल ठळक. त्यांचं काम १८३७ साली सुरू झालं, आणि १८४० मध्ये त्यांनी आपल्या शाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. त्यांच्या संचात आठ लहान ठोकळ्यांचा एक मोठा घन होता. मोडायचा आणि पुन्हा रचायचा.

१९०७ मध्ये मारिया माँटेसरी यांनी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत कामगारांच्या मुलांसाठी घर उघडलं. त्यांचा गुलाबी मनोरा प्रसिद्ध आहे. एक सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंतचे दहा घन. आज हाच मनोरा महागड्या शाळांच्या जाहिरातीत दिसतो, म्हणून तो गरीब मुलांमध्ये वाढला हे वाचून मला जरा धक्काच बसला. १९६० साली फिशर-प्राइसनं चकत्यांचं ‘रॉक-अ-स्टॅक’ आणलं. आमच्या खोक्यातलं खेळणं त्याचंच नातलग.

आपल्याकडे ही गोष्ट उलट दिशेनं नेली ताराबाई मोडक यांनी. लग्नानंतर त्या काही काळ आमच्या वऱ्हाडात, अमरावतीला होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी माँटेसरी पद्धतीवर काम केलं, आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. शहरातल्या बालवाड्या चालत होत्या, पण खेड्यातली मुलं तिथं येणार कशी? १९४५ मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. परदेशी संच परवडणार नव्हता, म्हणून शंख, शिंपले, बिया, गोटे हेच साधन झालं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि तो शब्द देशभर पोचला.

आमच्या घरातही तो त्याच वाटेनं आला. आई नांदुऱ्याजवळच्या एका गावात बावीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. आम्ही लहानपणी बाटल्यांची झाकणं, काडेपेट्या, नारळाच्या करवंट्या साठवायचो, ते तिच्या पोरांसाठी. लहान-मोठ्या करवंट्या एकात एक, एकावर एक. गावात कोणत्या घरच्या लेकरानं कशाला हात लावायचा, हे बाहेर ठरलेलं असायचं. आत करवंट्यांचा ढीग एकच होता.

सकाळी मी हे सगळं आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ताईकडे बघून म्हणाली, “अवं, लेकरू पयले काढते, मंग घालते. दीड वर्षाचं तीन-चार ठोकळे ठेवते, दोन वर्षाचं सहा-सात. लहान-मोठं समजाले आणखी वेळ लागते. माह्याकडं चौथ्या वर्षीही उलटं लावणारे होते, ते आता नोकऱ्या करून राह्यले. पाडू दे तिले.”

ताईनं फोन बाजूला ठेवला.

भाचीनं तोवर सगळ्यात लहान चकती फरशीवर ठेवली होती आणि सगळ्यात मोठी तिच्यावर. माझा हात सवयीनं पुढे गेला, क्रम सुधारायला. आजीनं तो धरला. मोठी चकती डळमळली, घसरली, गडगडत पलंगाखाली गेली. भाची टाळ्या वाजवत तिच्यामागे रांगत निघाली.