प्राणिकथेतील तात्पर्य : एक ऐतिहासिक विचार

मुलांसाठी प्राणिकथा लिहावयाची म्हणजे गोष्ट सांगून अखेरीस एका वाक्यात तात्पर्य द्यावयाचे, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढ झाली आहे की, असे तात्पर्य कथेइतकेच प्राचीन असावे असे सहज वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. कोणाच्याही मुखी नसलेले, कथेबाहेर उभे असलेले तात्पर्य ही कथा तिच्या मूळ प्रसंगापासून तुटल्याची खूण होय.

पंचतंत्रातील सिंह आणि सशाची कथा पाहावी. विहिरीत स्वतःचे प्रतिबिंब पाहून उडी घेणाऱ्या सिंहाच्या या गोष्टीवरून शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, असा बोध मुलांना दिला जातो. परंतु 'मित्रभेद' या पहिल्या तंत्रात ही कथा कोण सांगतो? पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री मोडू पाहणारा दमनक कोल्हा ती करटकाला सांगतो. सशाची युक्ती वनातील प्राण्यांना वाचविते. तिचाच दाखला दमनक आपल्या कपटाच्या समर्थनार्थ देतो. शेवटी संजीवक मारला जातो आणि दमनकाचे मंत्रिपद अबाधित राहते. विष्णुशर्म्याचे शिष्य राजपुत्र होते. बोध कोणता, याबरोबरच तो कोणाच्या तोंडी आणि कोणत्या हेतूने आला आहे, हे ओळखणे त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता.

हा शेवट पुढे अनेकांना अवघड वाटला असावा. पहलवी भाषांतरावरून इसवी सनाच्या ८ व्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने 'कलीला व दिम्ना' हा अरबी ग्रंथ सिद्ध केला. त्यात दिम्नाची, म्हणजे दमनकाची, चौकशी होऊन त्याला शिक्षा झाल्याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. संस्कृत परंपरेत ते नाही. ही भर इब्न अल्-मुकफ्फाचीच असावी, असे अभ्यासक सामान्यतः मानतात.

ग्रीक परंपरेतही आरंभी कथा प्रसंगाशी बांधलेली दिसते. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात प्राणिकथेचा विचार सभेतील भाषणाचे एक साधन म्हणून केला आहे. फालारिसला अंगरक्षक देऊ पाहणाऱ्या हिमेराच्या नागरिकांना स्टेसिकोरसने हरणाचा सूड घेण्यासाठी माणसाला पाठीवर बसवून घेणाऱ्या आणि त्यामुळे दास झालेल्या घोड्याची गोष्ट सांगितली, हे त्याने दिलेले उदाहरण होय. त्या श्रोत्यांना वेगळ्या तात्पर्याची गरज नव्हती. पुढे कथा संग्रहात गेल्या, सभा आणि वक्ता लोपले, आणि प्रसंगाची रिकामी जागा बोधवाक्याने भरून काढली. पहिल्या शतकातील फीड्रसच्या लॅटिन पद्यकथांत हे बोधवाक्य कधी आरंभी, तर कधी शेवटी येते.

या संग्रहांना बालवाचनाचे स्थान देणाऱ्यांत लॉक प्रमुख होय. १६९३ मध्ये त्याने मुलांच्या पहिल्या वाचनासाठी इसापची शिफारस केली. उलट रूसोने १७६२ मध्ये 'एमील'मध्ये आक्षेप घेतला की, कावळा आणि कोल्ह्याची गोष्ट ऐकून मूल फसलेल्या कावळ्याकडून शिकत नाही. त्याला कोल्हा व्हावेसे वाटते. शेवटी जोडलेल्या वाक्याने हा आक्षेप दूर होत नाही.

मराठीत इसाप आला तो या संग्रहरूपातच. तंजावरास सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ मध्ये 'बालबोधमुक्तावली' छापली गेली. मुंबईस सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'इसापनीतिकथा' १८२८ मध्ये निघाली. इसापनीतीबरोबर कथान्ती तात्पर्य देण्याची प्रथा मराठीत रूढ झाली, आणि पंचतंत्रातील सुट्या कथाही मुलांसाठी त्याच साच्यात सांगितल्या जाऊ लागल्या. दमनक गळाला, ससा आणि बोधवाक्य तेवढे उरले.

यावरून तात्पर्य वर्ज्य करावे असे नव्हे. परंतु मुलांसाठी नवी प्राणिकथा लिहिणाराने ती कोण, कोणाला, कशासाठी सांगत आहे, हे प्रथम ठरविले पाहिजे. वाक्य पाठ करणारे मूल बोध स्वीकारते. वक्ता ओळखणारे मूल बोधाची पारख करू लागते. प्राणिकथेचा आरंभीचा उपयोग या पारखीसाठीच होता.