आभाळातला पट्टा

मे महिन्यातली रात्र. लोधिवलीच्या घरातल्या न्हाणीघरात मी दिवा लावला आणि नुकतीच धुतलेली निगेटिव्ह त्याच्यासमोर धरली. घरामागचं खाचर आलं होतं. बांधावरचा आंबा आला होता. लांब इर्शाळगडाचा सुळकाही आला होता. आणि वरच्या कडेला, मोकळ्या आभाळात, अंगठ्याएवढ्या रुंदीचा एक पट्टा आला होता. निगेटिव्हमध्ये तो काळपट दिसत होता, म्हणजे प्रिंटमध्ये पांढुरका दिसणार. आभाळात असं काही नव्हतं. ते मी घातलं होतं.

हे खाचर आता आमचं नाही. प्लॉटिंगवाल्याला विकलंय, पावसाच्या आधी तिथे मुरमाचा भराव पडणार होता. तरी बाबांनी यंदाही एका कोपऱ्यात राब भाजला. का, ते मी विचारलं नाही. चार बाय पाच इंचाच्या शीट फिल्मवर मी त्या खाचराचे चार फोटो काढले होते. पहिला हा असा बिघडला. उरलेले तीन डेव्हलप करायची हिंमत होईना.

मी सॉफ्टवेअर लिहिते. बिघाड सापडला की तो मुद्दाम पुन्हा घडवून आणायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, ही रोजची सवय. पण आधी कळायला हवं की आत नक्की काय चाललंय.

फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. ज्या कणांवर प्रकाश पडला, त्यांची डेव्हलपर काळी चांदी करतो. हे होताना तिथला डेव्हलपर दमतो आणि ब्रोमाइड सुटतं. हे ब्रोमाइड पुढच्या क्रियेला ब्रेक लावतं. म्हणून द्रावण हलवत राहावं लागतं. शिळं बाजूला जावं, ताजं यावं, आणि सगळीकडे सारखंच यावं. कुठे जास्त पोचलं तर तिथे चांदी जास्त जमते. झाडाच्या पानांत, ढेकळांत ही चूक लपून जाते. सपाट आभाळात मात्र लगेच उघडी पडते.

या दुखण्याचा इतिहास शोधताना मी मुंबईत पोचले. १८५४ साली तिथे ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांत होते. तेव्हा फ्रेडरिक स्कॉट आर्चरची १८५१ साली जाहीर झालेली ओल्या कोलोडियनची पद्धत नवी होती. काचेवर चिकट कोलोडियन ओतायचं, काच चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि ती ओली आहे तोवर फोटो काढून, डेव्हलप करून मोकळं व्हायचं. हातात दहा-पंधरा मिनिटं, आणि उन्हाळ्यात त्याहूनही कमी. डेव्हलपर एका दमात, एका लाटेत काचभर पसरवावा लागे. हात क्षणभर थबकला की तिथे रेघ उमटे. माझा पट्टा या रेघेच्याच खानदानातला.

१८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली आणि ही घाई संपत गेली. आज फोटो काढा, आठवड्याने डेव्हलप करा. पण जिलेटिन गरम पाण्यात फुगतं, मऊ पडतं. थंड देशांत हा त्रास कमी, आपल्याकडे दर उन्हाळ्याचा. म्हणून गरम प्रदेशांसाठी वेगळे डेव्हलपर निघाले. जिलेटिन फुगू नये म्हणून त्यांत सोडियम सल्फेट घालत, आणि नंतर थर कडक करायला तुरटीच्या जातीचे क्षार वापरत.

दादासाहेब फाळके या जिलेटिनच्या काळातले. बडोद्याच्या कलाभवनात शिकून १८९५च्या सुमारास त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली आणि नंतर लोणावळ्यात छापखाना सुरू केला. आमच्या इथून खोपोली गाठायची आणि घाट चढायचा, की आलंच लोणावळा. शाळेत असताना मी फाळक्यांना फक्त नाशिक आणि मुंबईच्या खात्यात टाकलं होतं.

१९१२ साली ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि छपाईचं यंत्र ठरवून परतले. दादरच्या राहत्या घरात काम सुरू झालं. कच्च्या फिल्मच्या कडांना भोकंसुद्धा घरीच पाडायची होती. अंधारात बसून भोकं पाडणं आणि फिल्म डेव्हलप करणं ही कामं सरस्वतीबाई फाळके शिकल्या. शिवाय युनिटमधल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडेच होता.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला. त्याची लांबी होती सुमारे ३,७०० फूट. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. म्हणजे जवळजवळ ५९,००० चित्रं. माझ्या चारपैकी एक बिघडलं तर मी दोन दिवस नीट जेवले नाही. तिथे लांबच लांब फिल्म द्रावणातून काढायची होती. एक पट्टा आला असता तर पडद्यावर तो नटांच्या अंगावरून थरथरत गेला असता.

त्यांना एक सोय होती, जी मला नाही. त्या काळच्या नेहमीच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. त्यामुळे लाल दिव्यात काम चाले आणि चित्र उमटताना डोळ्यांना दिसे. कमी पडलं तर थांबायचं, पुरे झालं तर काढायचं. आजच्या साध्या कृष्णधवल फिल्मला सगळे रंग दिसतात. म्हणून ठार काळोख लागतो आणि सगळी भिस्त बोटांवर आणि घड्याळावर. शीटच्या कोपऱ्यात खाचा असतात. त्या चाचपून फिल्मची लेप असलेली बाजू ओळखायची. मोबाइल आत नेता येत नाही, कारण त्याच्या उजेडाने फिल्म काळी होते. म्हणून आई दाराबाहेर स्टूल टाकून बसते आणि मिनिटं सांगते. “दोन झाली गं!”

पहिला प्रश्न असा होता की पट्टा कॅमेऱ्यातला की ट्रेमधला? कॅमेऱ्यात फटीतून उजेड शिरला तरी असाच डाग येतो. मी घराच्या पांढऱ्या भिंतीचे, फोकस मुद्दाम घालवून, दोन सारखे फोटो काढले. एक शीट ट्रेमध्ये सरळ ठेवली, दुसरी उलट फिरवून. डाग कॅमेऱ्यातला असता तर दोन्हींत भिंतीच्या एकाच बाजूला आला असता. पण तो दोन्ही वेळा ट्रेच्या एकाच कडेला आला. कॅमेरा निर्दोष सुटला.

मग तापमान. डेव्हलपरचं वेळापत्रक २० अंशांचं असतं. आमच्या टाकीतलं पाणी ३१ अंश. सात-आठ मिनिटांचं काम जेमतेम तीन मिनिटांत होतं आणि सुरुवातीचा असमानपणा भरून निघायला वेळच उरत नाही. माठातलं पाणी घेतलं, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवला, डेव्हलपरमध्ये निम्मं पाणी मिसळलं. फिल्म आधी साध्या पाण्यात भिजवली, म्हणजे डेव्हलपर सगळीकडे एकदम शिरतो. पट्टा फिका झाला, पण गेला नाही.

उरलेलं कारण माझ्या हातात होतं. मी ट्रे अगदी नेमाने हलवत होते. मनात आकडे मोजून, दर पाच सेकंदांनी, त्याच बाजूने, तेवढाच. त्यामुळे लाट दर वेळी त्याच कडेवर आपटून त्याच वाटेने परतत होती. इतक्या शिस्तीत केलेली चूक दर वेळी त्याच जागी पडणार, हे मला कामावरून तरी ठाऊक असायला हवं होतं. मी फिल्मच्या दुप्पट मापाचा ट्रे आणला. कधी उजवी कड उचलली, कधी पुढची, कधी डावी, अधूनमधून फिल्म उचलून फिरवली. भिंतीची पुढची शीट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखी करडी आली.

इतकं झाल्यावर खाचराची दुसरी शीट काढली. काळोखात ट्रे हलवताना सरस्वतीबाईंची आठवण येत होती. फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. अंधारातल्या हातांचं काम नीट झालं, तर पडद्यावर त्याची एकही खूण उरत नाही. तिथे फक्त हरिश्चंद्र दिसतो.

“आठ झाली!” आई बाहेरून म्हणाली. पुढची द्रावणं उरकून मी दिवा लावला.

आभाळ सारखं होतं. खाली खाचराच्या कोपऱ्यात एक वेगळा चौकोन होता. क्षणभर छातीत धस्स झालं, मग कळलं. निगेटिव्हमध्ये जवळजवळ पारदर्शक, म्हणजे प्रिंटमध्ये काळा. तो बाबांचा राब होता. तिथे असायलाच हवा होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात डंपर आले. प्रिंटच्या मागे मी गाव, तारीख, पाण्याचं तापमान लिहिलं आणि खाली दोन नावं. फोटो माझा, मिनिटं आईची.