हलती घोडी

आमच्या घरात 'घोडी' या शब्दाचे आजवर दोनच अर्थ होते. एक लग्नातली, आणि दुसरी आजोबांच्या मिरजेच्या तंबोऱ्यावरची, जिच्यावरून तारा जातात ती. तिसरा अर्थ गेल्या मे महिन्यात आमच्या कन्येने घरात आणला.

"बाबा, मला इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. ब्रिज कोणता घेऊ? फिक्स्ड की फ्लोटिंग?"

वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या माणसाला यात विचार करण्यासारखे काही नसते. मी ताबडतोब म्हणालो, "फिक्स्ड. फ्लोटिंगमध्ये हप्ता केव्हा वाढेल याचा भरवसा नाही."

"बाबा, मी होम लोन नाही मागून राहिले!"

ब्रिज म्हणजे गिटारची घोडी, एवढे ज्ञान मला सीताबर्डीवरच्या दुकानात झाले. फिक्स्ड म्हणजे लाकडाला स्क्रूने घट्ट बसवलेली. दुसरी हलणारी, तिला एक दांडा. दुकानदाराने दांडा दाबून दाखवला. सूर एकदम जिन्यावरून पाय घसरल्यासारखा खाली गेला आणि परत वर आला.

"सोडला का वापस जाग्यावर येते, साहेब."

"अगदी जागेवर?"

"थोडाफार फरक पडते जी. स्वस्तातल्या गिटारीत जरा जास्तच."

'थोडाफार फरक' हे शब्द कॅशिअरसमोर उच्चारू नयेत. माझी संध्याकाळची कॅश एकदा दहा रुपयांनी कमी भरली होती तेव्हा मी रात्री नऊपर्यंत बँकेत होतो. आम्ही त्या दिवशी काही न घेता घरी आलो आणि मी कूलरसमोर बसून या घोडीचा इतिहास वाचायला घेतला.

वाचता वाचता उडालोच. ही स्प्रिंगांची हलती घोडी ज्याने १९५४ साली बाजारात आणली, तो लिओ फेंडर आमच्याच बिरादरीतला निघाला! कॉलेजात अकाउंटन्सी शिकलेला. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्यात हिशेब लिहायचा. मंदीत नोकरी गेली, म्हणून १९३८ साली त्याने फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले. १९५०ची त्याची पहिली नावाजलेली गिटार फिक्स्ड घोडीचीच होती, हे ऐकून मला बरे वाटले. आणि या गृहस्थाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कॉमर्स ग्रॅज्युएटांविषयी जगाचे मत यामुळे सुधारायला हरकत नाही.

त्याची हलती घोडी म्हणजे शुद्ध द्विनोंदी पद्धत आहे. पुढून सहा तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी असली की घोडी तरंगत स्थिर राहते. एक तार तुटली, की जमा बाजू कमी पडते, स्प्रिंगा घोडी आपल्याकडे खेचतात आणि उरलेल्या पाचही तारा बेसूर होतात. फक्त एका नोंदीपायी! फेंडरकडून चूक झाली ती वेगळीच. सूर वरखाली होतो त्याला म्हणतात व्हायब्रेटो, आवाज कमीजास्त होतो तो ट्रेमोलो. याने गिटारच्या दांड्याला ट्रेमोलो म्हटले आणि अ‍ॅम्प्लिफायरवरच्या ट्रेमोलोला व्हायब्रेटो. दोन्ही रकमा चुकीच्या खात्यात, आणि अजून कुणी उलटी नोंद केलेली नाही. पुढे १९७९ साली फ्लॉइड रोझ याने पेटंट घेऊन ताराच दोन्ही टोकांना किल्लीने आवळून टाकल्या. म्हणजे लॉकर. सूर सुरक्षित, पण उघडायचा म्हटला की अर्धा तास.

पण मुळात सूर हलवायची हौस आली कुठून? हवाई बेटांवरून. तिथे गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी दांडी फिरवतात. बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार, १९३२ची, मांडीवरचीच होती. आकारामुळे तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत. फेंडरनेही धंद्याला सुरुवात केली ती अशाच गिटारी बनवून. हवाईकडचा ताऊ मो आपल्या कुटुंबासह १९४०च्या दशकात कलकत्त्यात राहिला. मुंबईत व्हॅन शिप्ली यांनी सिनेमाच्या चाली इलेक्ट्रिक गिटारवर वाजवून घरोघरी पोहोचवल्या. १९६७ साली ब्रिजभूषण काब्रा यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली'त तीवर राग वाजवले. कलकत्ता आणि मुंबई यांच्या मधोमध नागपूर स्टेशन असल्याने एक हवाईयन गिटार महालात आमच्या घरी उतरली होती.

ती माझ्या आत्याची. १९७४ साली आत्याला 'पाहायला' मंडळी आली तेव्हा तिने ती वाजवून दाखवली. मंडळी खूश झाली, पसंती आली, लग्न झाले. मग सासरी कुणीतरी म्हणाले, सुनेने मांडीवर गिटार घेऊन बसणे बरे दिसत नाही. गिटार माहेरी राहिली. आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत पुढे एक ओळ आहे: 'गिटार विक्री, रु. ६०.' खाली शिल्लक अचूक जुळवलेली आहे.

कन्येसाठी शेवटी फिक्स्ड घोडीची गिटार आली. नवशिक्याने आधी सूर लावायला शिकावे, हलवायचे मग पाहू, हे दुकानदाराचेही मत पडले. महिन्याभराने आत्या अमरावतीहून आली. गिटार पाहिली. काही बोलली नाही. पलंगावर बसली, ती मांडीवर आडवी घेतली आणि पिशवीतून शिवणाचा डबा काढला. रिळांच्या खालून एक बोटभर लांबीची पोलादी दांडी निघाली.

"आत्याआजी, ही तू इतकी वर्षं ठेवलीस?" कन्या.

"रिळं घरंगळत नाहीत तिच्यानं," आत्या म्हणाली.

दांडी तारांवर ठेवली, पण तारा खाली दबून पट्ट्यांवर खडखडल्या. आत्याने दोन-तीनदा करून पाहिले. "फार खाली आहेत रे तारा. आमच्या उंच असायच्या. आता सवय पण नाही म्हणा." आणि दांडी परत डब्यात.

शनिवारी, दुसरा असल्याने सुट्टी होती, मी पुन्हा सीताबर्डीला गेलो. दुकानदाराने ओळखले.

"काय साहेब, पोरीनं विचार बदलला का? दांड्यावाली पाह्यजे?"

"नाही," मी म्हणालो. "मांडीवरची, उंच तारांची मिळते का? आत्यासाठी. घोडी फिक्स्डच."