बुद्धिबळाचा पाठभेद

रायपूर हे बदल्यांचे गाव. भोसल्यांच्या अमलात छत्तीसगडचा कारभार रतनपुराहून चाले. १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी अॅग्न्यू याने मुख्य ठाणे रायपुरास आणले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला आणि २००० मध्ये रायपूर स्वतंत्र राज्याची राजधानी झाले. राज्ये बदलली, शिक्के बदलले. परंतु नेमणुकीवर येणाऱ्या परगावच्या मंडळींचा ओघ काही थांबला नाही. अशा गावी रविवारी बुद्धिबळाचा पट मांडला गेला, की एक वाद हमखास उपस्थित होतो. एक जण सांगलीकडचा, दुसरा नागपूरचा, तिसरा वऱ्हाडातला. एकाने पहिल्याच चालीस प्यादे दोन घरे सारले की दुसऱ्या वडीलधाऱ्याच्या कपाळास आठी पडते. त्याच्या आजोबांच्या पटावर प्यादे एकच घर चालत असे. मग प्रश्न निघतो : खरे बुद्धिबळ कोणते?

ग्रंथांना जसे पाठभेद असतात तसे खेळांनाही असतात. आपल्याकडील जुन्या देशी पाठात प्यादे बहुधा एकच घर पुढे जाई. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला, तोपर्यंत शह बसला नसल्यास, एकदा घोड्याची चाल करण्याची मुभा असे. प्यादे शेवटच्या घरात पोचले म्हणजे ते हवे ते मोहरे होत नसे. ज्या मोहऱ्याच्या पट्टीत पोचेल त्याचे रूप घेई. प्रतिपक्षाची सारी मोहरी मारून राजा एकटा पाडला तर ती बुर्जी. तिला पूर्ण जय म्हणत नसत. आणि प्याद्याने दिलेली मात, म्हणजे प्यादेमात, ही सर्वांत मानाची. वजिराच्या बळावर कोणीही जिंकेल, पण यःकश्चित प्याद्याकडून राजास कोंडणे यात खरे कौशल्य, अशी त्यामागची दृष्टी. शिवाय गावोगावच्या तऱ्हा निराळ्या असत, त्या वेगळ्याच.

हा देशी पाठ मूळचा आणि आंतरराष्ट्रीय पाठ परका, अशी आपली सहज समजूत असते. इतिहास मात्र तिला दुजोरा देत नाही. हा खेळ भारतातून इराणात व अरबांकडे गेला तेव्हा वजीर तिरपे एकच घर चाले आणि आजच्या उंटाच्या जागचे मोहरे तिरपी दोनच घरे उडी घेई. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात या दोघांना आजचे दूरवरचे बळ मिळाले. तो बदलच इतका मोठा होता की जुना खेळ तेथे काही पिढ्यांत मागे पडला. आपल्या आजोबांच्या पटावरील वजीर मात्र पट ओलांडून धावत होता! म्हणजे ज्याला आपण जुना पाठ म्हणतो त्यानेही नव्याचा वजीर स्वीकारला होता आणि प्यादे तेवढे जुने ठेवले होते. शुद्ध, अस्पर्शित असा पाठ आपल्या हाती आलेलाच नाही.

दोन पाठांमधील निवड आपल्या पूर्वजांनाही करावी लागली. पेशवाई अद्याप उभी असताना, १८१४ मध्ये, तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांनी संस्कृतातील बुद्धिबळाचे डाव इंग्रजीत आणून मुंबईस प्रसिद्ध केले, आणि ते युरोपीय पद्धतीस जुळवून घेतल्याचे ग्रंथाच्या नावातच सांगितले. शास्त्रीबोवांनी आपली परंपरा टाकली नाही. परक्यास ती वाचता यावी एवढ्यापुरता तिचा वेष बदलला. पुढे १८५० च्या आगेमागे कलकत्त्यास महेशचंद्र बॅनर्जी हे कॉक्रन नावाच्या इंग्रज वकिलाशी शेकडो डाव खेळले. खेळ युरोपीय नियमांचा. पण प्यादे एकेक घर सारून उंट कडेला बसवण्याची त्यांची ढब देशी पटावर मुरलेली होती. त्या ढबीच्या प्रारंभांना आज साऱ्या जगात ‘इंडियन’ हे नाव आहे. जुना पाठ हरला तरी नव्याच्या अंगात असा शिरला.

या निवडीची किंमत कोणी दिली असेल तर ती पंजाबच्या सुलतान खानाने. देशी बुद्धिबळात वाढलेल्या या खेळाडूने १९२६ च्या सुमारास नवे नियम शिकण्यास आरंभ केला. १९२८ मध्ये तो अखिल भारतीय स्पर्धेत विजयी झाला, १९२९ मध्ये विलायतेस गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही. माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही त्याने हरवले. त्याचे डावाचे प्रारंभ कच्चे असत. ते शास्त्र छापील पुस्तकांचे, आणि तो वाढला होता निराळ्याच पटावर. अखेरच्या टप्प्यात मात्र त्याची चिकाटी विलक्षण. स्वदेशी परतल्यावर १९३५ मध्ये आपल्या खाडिलकरांशी त्याचा सामना झाला. दहा डावांत खाडिलकरांच्या हाती एक बरोबरी तेवढी आली. पुढे तो बुद्धिबळाच्या जगातून जवळजवळ नाहीसा झाला आणि १९६६ मध्ये वारला. आंतरराष्ट्रीय संघटनेने सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी त्याला दिली ती २०२४ मध्ये.

तेव्हा निवड कशी करावी? आम्हां कारकुनी पेशाच्या माणसांस वाटते की नवे परिपत्रक निघाले म्हणजे जुने आपोआप रद्द होते. १९२४ मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या त्या संघटनेने जगाला एक नियमावली दिली, हे तिचे मोठे कार्य. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला, तो जॉर्जियातील बाटुमी येथे. समान नियम नसते तर नागपूरची मुलगी आणि बाटुमीचा पट यांची गाठच पडली नसती. ज्याला गावाबाहेर खेळायचे आहे त्याने आंतरराष्ट्रीय पाठच घ्यावा, याविषयी आमच्या मनात शंका नाही. आणि एकाच डावात दोन्ही पाठ मिसळू नयेत. प्यादे दोन घरे सारायचे, आणि अंगाशी आले म्हणजे राजास घोड्याची चाल मागायची, हा न्याय नव्हे.

परंतु रद्द झालेले परिपत्रकही दप्तरातून फाडून टाकीत नाहीत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तीत एक पाठ वर घेतला आहे आणि बाकीचे तळटीपांत जपले आहेत. देशी बुद्धिबळाला अशा तळटीपा लाभल्या नाहीत. सांगलीस प्यादे कसे चाले, नागपुरास बुर्जी कशी मोजीत, हे ज्यांना हाताच्या सवयीने ठाऊक होते त्यांतील बहुतेक आता नाहीत, आणि ते नियम पुष्कळ ठिकाणी कोणी कागदावर उतरवलेच नाहीत. परमुलुखात राहणाऱ्या मराठी घरात भाषेचेही असेच होते : व्यवहाराची भाषा मुले बरोबर शिकतात, आणि घरचा शब्द कोणी विचारला नाही म्हणून जातो.

म्हणून घरात कोणी वृद्ध अद्याप जुना पट जाणत असेल, तर त्याचा नियम चुकीचा ठरवण्यापूर्वी तो लिहून घ्यावा, गाव आणि घराण्याच्या उल्लेखासह. स्पर्धेत नवा पाठ खेळावा. घरी, उभयतांच्या संमतीने, एखादा डाव जुन्या पाठाचाही व्हावा. प्यादेमात करण्यासाठी किती धीर लागतो, हे पुस्तकातून कळत नाही.