लेंट म्हणजे काय? कॅथलिक ख्रिस्ती बांधवांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ समजून घेऊया

फेब्रुवारी-मार्च महिन्यांत एखाद्या बुधवारी ऑफिसमध्ये, लोकलमध्ये किंवा कॉलेजात कपाळावर राखेचा क्रूस लावलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. त्या दिवसापासून कॅथलिक घरांत पुढचे काही आठवडे शुक्रवारी मटण-चिकन शिजत नाही आणि लग्न-पार्ट्यांची गडबड थांबते. चर्चमधली फुलेही दिसेनाशी होतात. हा काळ म्हणजे लेंट. मराठी ख्रिस्ती समाजात त्याला उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात.

बाहेरून पाहणाऱ्याला लेंट म्हणजे ‘ख्रिश्चनांचा उपवास’ एवढेच वाटते. पण चर्चच्या शिकवणीत उपवास हा या काळाचा एक भाग आहे. आपल्या ताटातून जे कमी झाले ते कोणाच्या तरी ताटात पोहोचले का, हा प्रश्न लेंटमध्ये तितकाच महत्त्वाचा असतो.

नाव आणि तारीख

इंग्रजीतला ‘लेंट’ हा शब्द वसंत ऋतूच्या जुन्या नावावरून आला. लॅटिनमध्ये या काळाचे नाव ‘चाळिसावा’ या अर्थाचे आहे. त्यावरून पोर्तुगीजांचा ‘क्वारेश्मा’ आणि त्यावरून गोव्याच्या कोकणीतला ‘करेज्म’ हा शब्द तयार झाला.

चाळीस हा आकडा बायबलमधून येतो. येशूने आपले कार्य सुरू करण्यापूर्वी अरण्यात चाळीस दिवस उपवास केला. त्याआधी मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस होता आणि इस्राएली लोक चाळीस वर्षे रानात भटकले. मोठ्या बदलाआधीचा तयारीचा काळ, असा या आकड्याचा अर्थ घेतला जातो.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर ४६ दिवस होतात. मग चाळीस कसे? मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाची आठवण असतो.

ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे लेंटही दरवर्षी पुढे-मागे होतो. २०२५ मध्ये राखेचा बुधवार ५ मार्चला होता, २०२६ मध्ये १८ फेब्रुवारीला आणि २०२७ मध्ये तो १० फेब्रुवारीला येतो.

सुरुवात राखेने का?

मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे पाम संडेला, आशीर्वादित केलेल्या झावळ्या लोक घरी नेऊन जपून ठेवतात. लेंट जवळ आला की त्या चर्चमध्ये परत आणल्या जातात आणि जाळून त्यांची राख केली जाते. धर्मगुरू ही राख कपाळावर लावताना दोनपैकी एक गोष्ट सांगतात: तू मातीचा आहेस, मातीतच मिसळणार आहेस याची आठवण ठेव; किंवा पश्चात्ताप कर आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेव.

बिशप असो, डॉक्टर असो वा झाडूवाला, सगळ्यांना एकच राख. या दिवशी चर्चमध्ये मोठा-छोटा असा भेद उरत नाही.

उपवास नेमका कसा करतात?

आपल्याकडे उपवास म्हटले की साबुदाणा, वरई, शेंगदाणे डोळ्यांसमोर येतात. कॅथलिक उपवासात असे ‘उपवासाचे पदार्थ’ नसतात. तिथे दोन वेगळे नियम आहेत.

पहिला नियम उपवासाचा. यात दिवसातून एकदाच पोटभर जेवायचे आणि बाकीच्या वेळी अगदी थोडे खायचे. वय १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत तो लागू असतो. सध्याच्या चर्च कायद्यानुसार असे सक्तीचे उपवास वर्षात दोनच आहेत: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे.

दुसरा नियम मांस वर्ज्य करण्याचा. तो १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होतो आणि राखेचा बुधवार व लेंटमधल्या शुक्रवारी पाळला जातो. शुक्रवार अशासाठी की येशूला त्या दिवशी क्रूसावर मरण आले.

आजारी माणसे, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांच्याकडून उपवासाची अपेक्षा नसते. नियमांचा तपशील ठरवण्याचा अधिकार त्या त्या देशाच्या बिशप परिषदेला आहे, म्हणून देशोदेशी थोडा फरक दिसतो. पूर्वीचे नियम बरेच कडक होते. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी ते सैल केले. त्याच वेळी, नियम कमी झाले तरी प्रार्थना आणि दानधर्म वाढावा, असेही सांगितले.

आता एक गंमत पाहा. मांसाच्या नियमात मासे येत नाहीत. म्हणजे वसई, मुंबई किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरच्या माणसाने शुक्रवारी मटण टाळून सुरमईचे तुकडे आणि कोळंबीचे कालवण चापले, तर नियम मोडत नाही. पण उपवास झाला का? ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण इथेही तंतोतंत लागू पडते. म्हणूनच अनेक घरांत लेंटच्या शुक्रवारी डाळ-भात किंवा पेज-भाजी असा साधा बेत करतात.

प्रार्थना, उपवास आणि दानधर्म

राखेच्या बुधवारी चर्चमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला भाग वाचला जातो. त्यात येशू तीन गोष्टींबद्दल बोलतो: दान, प्रार्थना आणि उपवास. लेंट या तीन पायांवर उभा आहे आणि यातला एक काढला की बाकीचे डळमळतात.

नुसता उपवास केला तर ते डाएट होते. शुक्रवारचे मटण वाचवून ते पैसे पाकिटातच ठेवले तर ती बचत झाली. पाचव्या शतकातले पोप पहिले लिओ यांनी आपल्या प्रवचनांत हेच सांगितले होते: श्रद्धावंतांनी जे खायचे टाळले, ते गरिबांच्या मुखी पडले पाहिजे.

हिशेब करून पाहूया. समजा, एका कुटुंबाचा शुक्रवारच्या मांसाहारी जेवणाचा खर्च ८०० रुपये आहे आणि साध्या जेवणाला २०० रुपये लागतात. एका शुक्रवारी ६०० रुपये वाचले. गुड फ्रायडे धरून लेंटमध्ये सात शुक्रवार येतात, म्हणजे ४,२०० रुपये झाले. एखाद्या मुलाची वह्या-पुस्तके किंवा एखाद्या आजीची काही महिन्यांची औषधे त्यात येऊ शकतात. हे पैसे योग्य ठिकाणी पोहोचले, की मगच त्या कुटुंबाचा लेंट पूर्ण झाला.

व्हॅटिकनमध्ये भरलेल्या दुसऱ्या परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचा जो दस्तऐवज काढला, त्यातही लेंटमधले प्रायश्चित्त केवळ मनातले आणि एकट्याचे नसावे, ते बाहेर दिसणारे आणि समाजाशी जोडलेले असावे, असे सांगितले आहे.

चर्च साधे का दिसते?

लेंटमध्ये चर्चमध्ये गेलात तर बदल लगेच जाणवेल. धर्मगुरूंचा झगा जांभळ्या रंगाचा असतो. वेदीवर फुले नसतात. वाद्ये वाजली तर फक्त गाण्याला साथ म्हणून. ‘आलेलुया’ हा आनंदाचा घोष ईस्टरपर्यंत बंद असतो. चौथा रविवार अपवाद. ईस्टर जवळ आल्याची खूण म्हणून त्या दिवशी गुलाबी झगा आणि थोडी फुले चालतात.

हा साधेपणा घरातही अपेक्षित आहे. लग्न, वास्तुशांतीसारखे समारंभ, मोठे वाढदिवस शक्यतो पुढे ढकलले जातात. कोणी दारू सोडते, कोणी सिगारेट, कोणी चहातली साखर, तर कोणी रात्रीची वेब सिरीज. मुलांना चॉकलेट सोडायला सांगतात आणि त्याचे पैसे डब्यात टाकायला लावतात.

धर्मग्रामात काय काय चालते?

एका चर्चच्या परिसरातल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या समूहाला मराठीत धर्मग्राम म्हणतात. लेंट हा सगळ्या धर्मग्रामाने मिळून पाळायचा काळ आहे.

दर शुक्रवारी ‘क्रूसाची वाट’ ही भक्ती होते. येशूला मरणदंड सुनावल्यापासून त्याला कबरेत ठेवेपर्यंतचे १४ प्रसंग, प्रत्येक प्रसंगापाशी थांबून प्रार्थना. चर्चच्या भिंतींवर या प्रसंगांची चित्रे किंवा शिल्पे तुम्ही पाहिली असतील. काही ठिकाणी ही वाट गावातून किंवा टेकडीवरून चालत केली जाते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे पापनिवेदन, म्हणजे कन्फेशन. ईस्टरपूर्वी आसपासच्या चर्चचे धर्मगुरू एकत्र बसतात आणि लोक रांगेने येऊन आपल्या चुका कबूल करतात. इथे एक अट कठीण असते. देवाकडे क्षमा मागणाऱ्याने आपल्या भावाशी, शेजाऱ्याशी असलेले भांडणही मिटवायला हवे. जमिनीच्या बांधावरून वर्षानुवर्षे न बोलणाऱ्या दोन भावांसाठी मटण सोडणे सोपे असते, एकमेकांच्या दारात जाणे अवघड.

तिसरी गोष्ट नव्याने ख्रिस्ती होणाऱ्या प्रौढांची. त्यांच्या तयारीचा शेवटचा टप्पा लेंटमध्ये असतो आणि ईस्टरच्या आदल्या रात्री त्यांचा बाप्तिस्मा होतो. त्याच रात्री बाकीचे सगळे आपल्या बाप्तिस्म्याची वचने पुन्हा म्हणतात.

सेवा म्हणजे नेमके काय?

अनेक धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे गट असतात. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या तरुण विद्यार्थ्याने मित्रांसोबत ही संस्था सुरू केली. तिचे सदस्य गरजू कुटुंबाच्या घरी प्रत्यक्ष जातात, बसतात, बोलतात आणि मग मदत करतात. भारतीय कॅथलिक बिशपांची समाजकार्य संस्था ‘कारितास इंडिया’ लेंटमध्ये भूक आणि रोगराईविरुद्ध मोहीम चालवते आणि त्यासाठी धर्मग्रामांतून निधी जमतो.

पण सेवा पैशाचीच असते असे नाही. अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याजवळ तासभर बसणे, वृद्धाश्रमात जाणे, रक्तदान करणे, मोलकरणीला तिची हक्काची रजा देणे हीसुद्धा लेंटमधली सेवाच.

वसई, गोवा आणि कल्याण

वसई परिसरात मराठी बोलणारा मोठा कॅथलिक समाज आहे. मुंबईपासून वेगळा होऊन १९९८ मध्ये वसई धर्मप्रांत झाला. इथल्या अनेक चर्चमध्ये उपासना मराठीत होते, त्यामुळे लेंटमधल्या प्रार्थनाही माणसे आपल्या भाषेत म्हणतात.

गोव्यात लेंटच्या तोंडावर कार्निव्हल असतो. पुढे साधे दिवस यायचे, म्हणून आधी खाणे-पिणे, नाच-गाणे. पर्यटकांना कार्निव्हल ठाऊक असतो, पण त्यामागून येणारा करेज्म सहसा दिसत नाही. गोवा वेल्हा येथे लेंटच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मोठी मिरवणूक निघते. ही परंपरा फ्रान्सिस्कन संन्याशांनी सुरू केली.

महाराष्ट्रातले सिरो-मलबार कॅथलिक, म्हणजे मूळचे केरळचे लोक, यांच्यासाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. त्यांचा लेंट बुधवारी नव्हे, सोमवारी सुरू होतो. त्या दिवसाला ते ‘विभूती सोमवार’ म्हणतात. विभूती म्हणजे राख. हा शब्द आपल्यालाही परका नाही.

राखेचा सेल्फी टाकावा का?

राखेच्या बुधवारी वाचल्या जाणाऱ्या त्या सहाव्या अध्यायातच येशू सांगतो की दान करताना गाजावाजा करू नका, उपवास करताना चेहरा पाडून हिंडू नका. आणि त्याच दिवशी सोशल मीडियावर कपाळाच्या फोटोंचा पूर येतो.

राख लपवायची गरज नाही. ती श्रद्धेची खूण आहे. पण अन्नाची पिशवी घेणाऱ्या गरिबाचा चेहरा फोटोत आला, तर त्याची लाज आपल्या लाइक्ससाठी वापरली जाते. लेंटमध्ये एक साधा नियम करता येईल: मदत करताना फोन खिशात. काही तरुण तर चाळीस दिवस सोशल मीडियाचाच उपवास धरतात आणि तो वेळ घरच्यांना देतात.

शेवट कसा होतो?

ईस्टरच्या आधीचा आठवडा पवित्र आठवडा. गुरुवारी संध्याकाळी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, कारण शेवटच्या भोजनावेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले होते. २०१३ मध्ये पोप झाल्यावर काही दिवसांतच पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोममधल्या बाल गुन्हेगारांच्या तुरुंगात केला. २०१६ पासून या विधीत स्त्रियांनाही अधिकृतपणे सामील करून घेता येते.

दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. वर्षातला हा असा दिवस की जगात कुठेही मिस्सा होत नाही. उपवास, मौन आणि क्रूसाला वंदन एवढेच असते. म्हणून ख्रिस्ती मित्राला ‘हॅपी गुड फ्रायडे’ असा मेसेज पाठवू नका. तो येशूच्या मृत्यूचा दिवस आहे. त्या दिवशी ‘तुझी आठवण आहे’ एवढे म्हटले तरी पुरते. शुभेच्छा रविवारी द्या. ईस्टरच्या दिवशी वेदीवर फुले परत आलेली असतात आणि चाळीस दिवस अडवलेला आलेलुया पुन्हा घुमत असतो.